चाळीस मिनिटांचं पाणी

नळीवाल्याचं खरं नाव मतदार यादीत असेल, बाकी कुठे नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, गिऱ्हाइकं तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'नळीवाला' म्हणायची, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. एकतीस वर्षं खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं टाकून जो माणूस लोकांचे जिने चढतो, त्याला लोक दुसरं म्हणणार तरी काय? त्याचा धंदा घरोघरी जाऊन फिशटँकचं पाणी बदलायचा. बारा घरं बांधलेली होती. दिवसाला दोन, रविवारी सुट्टी.

पाणी बदलायचं म्हणजे सगळं नाही हां. सगळं बदललं तर मासे बिथरतात. तिसरा हिस्सा काढायचा आणि तेवढंच नवं घालायचं. नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं तोंडात. एक दमदार ओढ घेतली की पाणी काठावरून चढून खाली उतरायचं, की लगेच ते टोक बादलीत. पुढे पाणी आपलं आपण वाहतं, त्याला वीज लागत नाही की काही नाही. आता ओढताना घोटभर पाणी तोंडात यायचंच. दुसरा कोणी असता तर थू थू करत बेसिनकडे पळाला असता. हा पठ्ठ्या ते तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा, मग शांतपणे बादलीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. 'खाणं जास्त पडतंय.' 'तळाला काहीतरी सडलंय, बघू दे.' आणि खडी उपसली की खरंच कोपऱ्यात मेलेली गोगलगाय निघायची. गिऱ्हाइकं नाक मुरडायची, पण जिभेवर विश्वास मात्र सगळ्यांचा.

नव्या पाण्याचीही तीच तऱ्हा. नळाच्या पाण्यात पाणीपुरवठावाले जंतू मारायचं औषध घालतात. माणसाला ते चांगलं, पण माशाचे कल्ले त्याने जळतात. म्हणून घरच्यांनी आदल्या संध्याकाळी बादल्या भरून उघड्या ठेवायच्या, रात्रभरात औषध उडून जातं. आणि दुसऱ्या दिवशी नळीवाला प्रत्येक बादलीत करंगळी बुडवून जिभेला लावायचा. औषधाची चव लागली की बादली मोरीत. कोणी विसरलं, कोणी खोटं बोललं, कोणी आळस केला, सगळं त्या करंगळीला कळायचं. 'तुम्ही कितीही शहाणे असा,' तो म्हणायचा, 'माझी जीभ तुमच्यापेक्षा शहाणी आहे.' शहाणपणाचा जरा तोराच होता म्हणा ना.

नळी बारीक, करंगळीपेक्षाही बारीक. तिसरा हिस्सा पाणी उतरायला चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ तो टँकसमोर स्टूल घेऊन बसायचा. कोण पोहतोय, कोण कोपरा धरून बसलाय, कुणाचा पर फाटलाय, सगळं बघायचा. 'मला बसायचे पैसे मिळतात,' असं तो स्वतःच सांगत सुटायचा, आणि वर स्वतःच हसायचा.

त्याचं आवडतं घर गुरुवारचं. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी राहायचे, आपल्या मुलीबरोबर. पन्नास वर्षं भिंग डोळ्याला लावून त्यांनी लोकांची घड्याळं सुधारली होती. आता नजर अधू झाली होती, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे डोक्यातलं पुसत चाललं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, सगळे तिला लॅबवाल्या ताई म्हणायचे. ताई कामाची, सरळ, पण दमलेली. एक-एक करून तिने बाबांच्या हातातली कामं काढून घेतली होती. गॅस दोनदा चालू राहिला, तेव्हा गॅस. किल्ली हरवली, तेव्हा किल्ली. औषधाच्या गोळ्या दोन वेळा घेतल्या, तेव्हा गोळ्यांचा डबा. उरलं होतं एकच काम. बुधवारी संध्याकाळी सहाला चार बादल्या भरायच्या. टँकच्या वर भिंतीला त्यांनी स्वतःच्या बारीक, सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'बुधवार. सहा वाजता. चार बादल्या.'

'नळीवाले,' ते म्हणायचे, 'या घरात माझ्याकडे एक खातं आहे. पाणीखातं.'

'आणि मी त्या खात्याचा तपासनीस,' हा म्हणायचा, आणि करंगळी चाटायचा. मग दोघं चाळीस मिनिटं गप्पा मारत बसायचे. टँकमध्ये तीन सोनमासे होते. त्यातली सगळ्यात मोठी मासोळी नऊ वर्षांची, पोट सुटलेली, सगळ्यांना ढकलून पुढे येणारी. तिला घड्याळजी 'बाईसाहेब' म्हणायचे. मुलीचा वाढदिवस ते विसरले होते, पण बाईसाहेबांना विसरले नव्हते.

आणि मग एका सकाळी नळीवाल्याच्या ओठातून चहा गळला.

बायको समोर बसून शर्टाला काजं करत होती, तेच तिचं घरबसल्याचं काम. ती आधी हसली. 'लहान बाळ झालात काय?' म्हणाली. मग तिने नीट पाहिलं आणि सुई खाली ठेवली. त्याच्या तोंडाची डावी बाजू खाली आली होती. डावा डोळा मिटत नव्हता. दोघांच्याही मनात एकच शब्द आला आणि दोघांनीही तो उच्चारला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू वगैरे काही नाही, चेहऱ्याची एक नस सुजलीय. तीन-चार महिन्यांत येईल जागेवर. बहुतेकांची येते.

'बहुतेकांची म्हणजे?' बायकोने विचारलं.

'म्हणजे सगळ्यांची नाही,' डॉक्टर म्हणाले. 'आणि काही दिवस जिभेच्या डाव्या बाजूला चव लागणार नाही. उजवी बाजू ठीक आहे.'

उजवी बाजू ठीक आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नळीवाल्याने ते सोयीस्कर विसरायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्याच घरी नळी तोंडात धरली आणि ओढली. पाणी जेमतेम वीतभर चढलं आणि परत गेलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून फस्‌कन हवा शिरत होती. त्याने दोन बोटांनी ओठ चिमटीत धरून पाहिला. तिसऱ्या खेपेला हनुवटीवरून लाळ आणि टँकचं पाणी मिळून शर्टावर उतरलं. घरातल्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्या चांगल्या बाई, त्यांनी फक्त एक टॉवेल आणून दिला, तोही नजर दुसरीकडे करून. बस्स. तो टॉवेल त्याच्या असा जिव्हारी लागला की चार शिव्या परवडल्या असत्या. खाली उतरून त्याने मफलर विकत घेतला आणि नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळला. विचारलं कोणी, तर धुळीचा त्रास.

मग तो गेला दुकानात. माशांचं खाणं, दिवे, पंप असलं सगळं विकणारं ते दुकान, आणि दुकानदाराची आणि त्याची वीस वर्षांची ओळख.

'काका, तुम्हाला पंप हवाय? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.'

'वय झालं रे. दम लागतो ओढताना.'

दुकानदाराने मफलरकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. पहिली म्हणजे मुठीत मावणारा काळा रबरी फुगा, दोन्ही बाजूंना नळी जोडायला तोंडं. चार-पाच वेळा दाबायचा, तो पाणी ओढून घेतो, की मग हात सोडला तरी चालतं. 'तुमचीच पद्धत काका. फक्त तोंडाऐवजी मूठ. आणि तुमचीच नळी लागते याला.' दुसरा पंप टँकमध्ये बुडवून ठेवायचा. 'हा वरचं पाणी चांगलं फेकतो, पण खडीतला गाळ जागच्या जागी राहतो. आणि एखादा छोटा मासा याच्या जाळीला चिकटला तर बोंबला.' तिसरा टँकच्या बाहेर ठेवायचा, वर धरायला कडी, पुढे लाल बटण, आणि अंगठ्याएवढी जाड नळी. मिनिटाला बारा लीटर ओढतो, नळी उलटी फिरवली की बादलीतलं पाणी टँकमध्ये चढवतोही.

'कुठला घेऊ?'

'मला विचाराल तर फुगा,' दुकानदार म्हणाला. 'मोठा पंप विकला तर माझा फायदा, तरी सांगतो. घरातल्या टँकला एवढी घाई कशाला?'

नळीवाल्याने फुगा हातात घेऊन दाबला. प्यॅक असा आवाज आला. सायकलच्या जुन्या भोंग्यासारखा. त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: लोकांच्या दिवाणखान्यात वाकडं तोंड घेऊन आपण बसलोय आणि प्यॅक-प्यॅक करतोय, आणि सगळे आपल्या तोंडाकडे बघतायत चाळीस मिनिटं. त्याने फुगा ठेवला आणि मोठ्या पंपाची कडी धरली. जड होता, चकचकीत होता, आणि बटण दाबल्यावर घुमला. लोक मशीनकडे बघतील, त्याला वाटलं, तोंडाकडे नाही बघणार. खरं सांगायचं तर पंप त्याने पाण्यासाठी घेतलाच नाही. तो घेतला मफलरला जोड म्हणून.

आणि दोन आठवडे काय रुबाब. पाच मिनिटांत पाणी खाली, पाच मिनिटांत वर, मध्ये काच पुसायची, झालं. लोक म्हणाले, वा काका, एकदम सुधारलात. कोणी मफलरबद्दल विचारलं नाही. करंगळी बादलीत बुडवायची तर मफलर खाली करावा लागणार, म्हणून तीही बंद झाली. उजवी जीभ शाबूत होती हो. पण मफलर खाली करायचा म्हणजे लाळ पुसायची, आणि लाळ पुसायची म्हणजे कोणीतरी नजर दुसरीकडे करणार. तेवढं त्याला सोसत नव्हतं. लोक नियमाने पाणी भरतात, त्याने स्वतःची समजूत घातली, आणि घड्याळजींचं तर विचारायलाच नको.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी त्या भागात मोठी पाइपलाइन फुटली. ती जोडल्यावर पाणीपुरवठावाल्यांनी, अशा वेळी करतात तसं, औषध जरा सढळ हाताने सोडलं. आणि त्याच संध्याकाळी सहा वाजता घड्याळजी खुर्चीत डुलकी घेत होते.

गुरुवारी सकाळी ताई कामाला गेल्यावर त्यांची नजर चिठ्ठीवर गेली असणार. नळीवाला साडेनऊला पोचला तेव्हा चारही बादल्या टँकखाली ओळीने भरलेल्या होत्या. बादल्या बाहेरून ओल्या होत्या. मोरीपासून टँकपर्यंत फरशीवर पाण्याचे ठिपके होते. आणि बादल्यांच्या आतल्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले होते, नळाचं पाणी नुकतंच जोरात सोडल्यावर येतात तसे. हे सगळं त्याने पाहिलं. डोळे होते ना त्याला. पण तो मशीनची वायर खोचत होता.

मशीन घुमलं आणि बघता बघता पाणी तिसरा हिस्सा ओलांडून निम्म्यावर गेलं. एरवी अडीच बादल्या लागायच्या आणि उरलेलं पाणी कुंड्यांना जायचं. त्या दिवशी चारही बादल्या टँकमध्ये गेल्या.

'आज बसणार नाही?' घड्याळजींनी विचारलं. त्यांनी स्टूल आधीच ओढून ठेवलं होतं.

'आता मशीन आलंय घड्याळजी. बसायचं काम संपलं.'

पावणेदहाला तो जिना उतरला. स्टूलवर बसला असता तर दहा मिनिटांत बाईसाहेब वर येऊन तोंड वासायला लागल्याचं त्याला दिसलं असतं, आणि तेव्हा अजून काहीतरी करता आलं असतं.

दुपारी एकला, जेवायला घरी आलेल्या ताईचा फोन आला. आवाज सपाट होता. 'काका, जरा येऊन जाल का?' तो गेला, तेव्हा दोन मासे पाण्यावर आडवे पडले होते. एक बाईसाहेब, दुसरा मधला. तिसरा, सगळ्यात लहान, टँकमधल्या हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांपाशी धडपडत होता. त्याला लगेच कुंड्यांसाठी मागच्या आठवड्यात ठेवलेल्या शिळ्या पाण्यात काढला आणि तो वाचला. ताईने बादलीच्या तळातलं उरलेलं पाणी नाकाशी नेलं. लॅबमधली बाई ती, तिला सांगायला लागलं नाही.

'बाबा, पाणी कधी भरलंत?'

घड्याळजी खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. 'बुधवारी,' ते म्हणाले. मग म्हणाले, 'आज काय वार आहे?' आणि मग, कोणी काही न बोलताच, 'माझ्याकडूनच झालं असणार.'

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, भिंतीवरची चिठ्ठी नखाने कोपरा उचलून काढली आणि घडी घालून ओढणीच्या टोकाशी धरली. 'राहू द्या बाबा. यापुढे बादल्या मी भरीन.' मग नळीवाल्याकडे वळून ती म्हणाली, 'काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमची काही चूक नाही. तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत, पाणी आत्ता भरलंय ते.'

आता इथे बोलायचं होतं. एवढीशी फट होती, त्यातून एक वाक्य सहज गेलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर मागचं सगळं बोलावं लागणार होतं, मफलर, ओठ, करंगळी, आणि ते ताईने लॅबमध्ये सांगितलं की लॅबमधून बाराही घरांत. चाखणारा नळीवाला चाखत नाही, मग त्याला बोलवायचं कशाला? त्याने मूग गिळले. एवढंच नाही, त्याने मान हलवली. हो, मला बिचाऱ्याला काय माहीत, अशी.

घरी आला तो पंप दाराशीच टाकून बसला. बायकोने काजाचा दोरा दाताने तोडला आणि विचारलं. त्याने सगळं सांगितलं. तिच्यापुढे त्याचं खोटं एकतीस वर्षांत कधी टिकलं नव्हतं.

'चाखलं नाहीत?'

'नाही.'

'जीभ तर आहे अर्धी.'

'आहे.'

'मग?'

तिने दुसरा शर्ट ओढला, काजाची खूण केली, आणि खाली बघतच म्हणाली, 'भरायचं काम त्यांचं होतं, ते विसरले. डोकं साथ देत नाही माणसाचं. चाखायचं काम कुणाचं होतं?'

'माझं.'

'तुमचं डोकं तर ठिकाणावर होतं ना?' ती म्हणाली. आणि मग फारच हळू, 'त्यांच्या नावावर ढकललंत तुम्ही.'

त्यानंतर त्याला घास गोड लागेना. शुक्रवारी आणि शनिवारी प्रत्येक घरी त्याने मफलर खाली केला, करंगळी बुडवली, जिभेच्या उजव्या कडेला लावली. चव येत होती. चांगली स्वच्छ चव येत होती, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. वहिनींनी पुन्हा टॉवेल दिला. त्याने तो घेतला, तोंड पुसलं, आणि थँक्यू म्हणाला. जमीन दुभंगली वगैरे काही नाही. एवढ्यासाठी आपण काय करून बसलो, हे त्याच्या मनातून जाईना.

सोमवारी संध्याकाळी, ताई घरी असेल अशा बेताने, तो जिना चढला. मफलर घरीच ठेवला होता. दार उघडताच ताईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. त्याने दारातच सांगायला सुरुवात केली. नस, ओठ, पंप, करंगळी, बादलीतले बुडबुडे, सगळं. वाकड्या तोंडाने शब्दही धड उमटत नव्हते, काही दोनदा सांगावे लागले.

'म्हणजे तुम्हाला चाखता येत होतं,' ताई म्हणाली.

'येत होतं.'

'काका, मी रक्ताची एक बाटली न बघता पुढे ढकलली ना, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.' तिचा आवाज चढला नव्हता, पण दारावरचा हात तिने सोडला नव्हता. 'आणि मी तुम्हाला म्हटलं, तुमची चूक नाही. तुम्ही मान हलवलीत.'

'हलवली.'

'तरी ते विसरले हे खरंच आहे ना?'

'खरं आहे. पण ताई, माणसं विसरतात म्हणूनच मी चाखत होतो. नाहीतर माझं तिथे काय काम?'

ताईने दारावरचा हात काढला. मग दारातून बाजूला झाली. 'मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. मग बघा.'

'मग बघा' म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळलं नाही. घड्याळजींनी खुर्ची फिरवून टँककडे पाठ केली होती. टँकमध्ये एकटा छोटा मासा फिरत होता. नळीवाला समोर स्टूलवर बसला.

'या, नळीवाले,' ते म्हणाले. आवाज खाली होता, चोरट्यासारखा. 'बरं झालं आलात. माझ्या हातून काहीतरी वाईट झालंय. काय झालंय ते आठवत नाही. पण झालंय.'

नळीवाल्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. घड्याळजी मान तिरकी करून ऐकत होते, बिघडलेलं घड्याळ कानाशी धरल्यासारखे. मध्येच विचारायचे, 'जीभ अर्धी की पूर्ण?' 'बुडबुडे कुठे होते, आत की बाहेर?' शेवटी ते म्हणाले, 'म्हणजे मी विसरलो. आणि तुम्ही तपासलं नाही.'

'तपासायचं काम माझंच होतं. मासे माझ्यामुळे गेले, घड्याळजी. तुमच्यामुळे नाही.'

घड्याळजींचा चेहरा हळूहळू सैल झाला. खांदे खाली आले. त्यांनी एक लांब श्वास सोडला. 'मग ठीक आहे,' ते म्हणाले. 'तसं असेल तर ठीक आहे.' नळीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. ताईने चहा आणला. चहा पिता पिता त्याने ओठाचा कोपरा बोटाने दाबून धरला, आणि तिघं जरा इकडचं तिकडचं बोलले.

कप खाली ठेवताना घड्याळजी पुढे वाकले. 'नळीवाले,' ते दबक्या आवाजात म्हणाले, 'बरं झालं आलात. माझ्या हातून काहीतरी वाईट झालंय.'

ताई दारात उभी होती. 'गुरुवारपासून असंच चाललंय,' ती म्हणाली. 'मासे विसरले. बाईसाहेब विसरले. एवढंच राहिलंय.'

नळीवाला तिथेच बसला. मग त्याने कप बाजूला सारला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने मोठा पंप दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला आणि तो काळा फुगा मागितला. दुकानदाराला चेहरा दिसत होताच, त्याने जास्त विचारलं नाही. ताईने त्याला काढलं नाही, हे मात्र सांगायला हवं. बुधवारचं काम बाबांकडेच राहू द्या, असं तो तिच्याशी बोलला. चिठ्ठी परत भिंतीवर लागली, वर ताईच्या अक्षरातली नवी, खाली बाबांची जुनी. बुधवारी सहाला ती कामावरून फोन करते, फोनवरच नळाचा आवाज ऐकते, चार बादल्या मोजते. घड्याळजी पाणी भरतात. गुरुवारी नळीवाला चारही बादल्यांत करंगळी बुडवून त्यांच्यासमोर चाटतो, लाळ पुसतो, आणि मग फुगा दाबतो. प्यॅक, प्यॅक. पाणी त्याच्या जुन्या बारीक नळीतून उतरायला लागतं.

चार महिने झाले. ओठ पुष्कळसा जागेवर आला, पूर्ण आला नाही. बायको म्हणते, आता ओढून बघा की तोंडाने, जमेल. तो म्हणतो, बघू.

खरी गोष्ट अशी की गुरुवारी त्याला तोंड मोकळं लागतं. दर वेळी घड्याळजी तेच म्हणतात, आणि दर वेळी त्याला तेच सांगावं लागतं. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. एकदा ते त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'होतं असं.' एकदा एवढे चिडले की तो जिना उतरेपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. आणि हल्ली बरेचदा ते एकच विचारतात, अगदी शांतपणे: 'मग त्याच दिवशी का नाही बोललात?' या प्रश्नाचं उत्तर त्याने बायकोजवळ घोकून पाहिलंय. तिथे गेल्यावर ते काही केल्या बाहेर पडत नाही. तो म्हणतो, 'लाज वाटली,' आणि तेवढ्याने घड्याळजींचं समाधान झालं की नाही, ते त्यांनाही पुढच्या गुरुवारपर्यंत आठवत नाही.

गेल्या गुरुवारी त्यांनी माफ केलं होतं. पण ती माफी गेल्या गुरुवारची. आज त्यांनी पुन्हा खुर्ची फिरवून टँककडे पाठ केली होती. नळीवाल्याने फुगा दाबला. पाणी नळी चढलं आणि बादलीत पडायला लागलं. त्याने स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसला, आणि म्हणाला, 'घड्याळजी, तुमच्या हातून काही झालेलं नाही. मला तुम्हाला एक सांगायचंय.'